हतनूरचे ४१ दरवाजे पडद्यावर उघडताना: जावास्क्रिप्ट नेमकं काय करतं

पावसाळ्यात जळगाव-भुसावळकडे एक बातमी दरवर्षी येते. हतनूरचे अमुक इतके दरवाजे उघडले, तापीत विसर्ग वाढला, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावं. आता हीच बातमी वेबपानावर चित्रातून दाखवायची आहे असं समजा. धरणाचे ४१ दरवाजे ओळीने उभे आहेत, ज्यावर बोट ठेवाल तो वर सरकतो, खाली पाणी उसळतं, विसर्गाचा आकडा बदलतो आणि पाण्याचा आवाज येतो.

बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र, मल्टिमीडियाचे पदविका वर्ग आणि तंत्रनिकेतनातला क्लायंट साइड स्क्रिप्टिंग हा विषय या सगळ्यांत जे शिकवतात, त्यातलं बहुतेक या एका चित्रात येऊन जातं. म्हणून हा लेख तेच चित्र बांधत पुढे जातो. कोड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा. इथे आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

भाषेबद्दल दोन शब्द. जावास्क्रिप्ट म्हणजे वेबपानाला हालचाल आणि प्रतिसाद देणारी, ब्राउझरमध्ये चालणारी भाषा. ती १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तयार केली. पहिला नमुना दहा दिवसांत उभा राहिला होता. जावा ही वेगळी भाषा आहे. नावातलं साम्य त्या काळी जावाचा बोलबाला होता म्हणून आलं. १९९७ साली भाषेचं प्रमाणरूप ठरलं, त्याला एक्मास्क्रिप्ट म्हणतात, आणि २०१५ च्या आवृत्तीत लेट, कॉन्स्ट, बाणाची फंक्शन्स अशा आज रोज लागणाऱ्या गोष्टी आल्या. ग्रंथालयात फ्लॅश (ॲनिमेशनचं जुनं साधन) आणि त्यातल्या ॲक्शनस्क्रिप्ट भाषेची जुनी पुस्तकं सापडली तर ती ॲनिमेशनचे विचार समजून घेण्यापुरतीच वाचा. फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला आणि त्यात केलेलं काम आजच्या ब्राउझरमध्ये तसंच्या तसं चालत नाही. जुन्या नोट्समध्ये पानभर डॉक्युमेंट-राइट किंवा सरकती मार्की दिसली, तर त्या नोट्स कोणत्या काळातल्या आहेत ते ओळखून घ्या.

आधी माहिती, मग चित्र

नव्या विद्यार्थ्याचा पहिला कल असा असतो: बटण दाबलं की दरवाज्याच्या चित्राचा रंग बदलायचा. एका दरवाज्यासाठी ते चालतं. मग कोणी विचारतं, “आत्ता किती दरवाजे उघडे आहेत?” उत्तर काढायला कोड पडद्यावरचे निळे चौकोन मोजू लागतो. उद्या निळ्याचा हिरवा केला की मोजणी चुकते.

धरणावरचा कर्मचारी नोंदवहीत लिहितो: दरवाजा ७, उघडा. नोंदवही खरी, आणि बातमी, फलक, फोनवरचा निरोप हे सगळं तिच्यावरून. प्रोग्रॅममध्येही तीच शिस्त हवी. आधी एक नोंदवही करायची: ४१ नोंदींची यादी, म्हणजे ॲरे. प्रत्येक नोंदीत दोन गोष्टी: दरवाजा उघडा आहे का, आणि तो किती वर गेला आहे. क्लिक झाली की फक्त नोंद बदलायची. त्यानंतर एकच फंक्शन, त्याला ‘रेंडर’ म्हणू या, सगळी नोंदवही वाचतं आणि पडदा तिच्याप्रमाणे रंगवतं. घटना, नोंद, चित्र हा क्रम कधीही उलटा होऊ द्यायचा नाही. पुढे रिॲक्टसारखी साधनं शिकाल तेव्हा त्यांच्या पोटातही हाच विचार सापडेल. आत्ता तो साध्या जावास्क्रिप्टमध्ये पक्का केला की ती साधनं जड जात नाहीत.

ॲरे तयार करतानाच पहिला खड्डा आहे. ४१ जागांचा ॲरे करून ‘फिल’ आज्ञेने त्यात एक ऑब्जेक्ट (म्हणजे एक नोंद) भरला, तर पडद्यावर सगळं ठीक दिसतं. मग पहिला दरवाजा दाबता आणि ४१ च्या ४१ उघडतात. कारण फिलने ४१ वेगळ्या नोंदी केल्याच नाहीत. एकाच नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या ४१ खुणा ठेवल्या. ‘ॲरे-फ्रॉम’ला लांबी ४१ द्या आणि सोबत दरवेळी नवा ऑब्जेक्ट परत देणारं छोटं फंक्शन द्या, म्हणजे ४१ वेगळ्या नोंदी होतात. ही चूक परीक्षेत विचारली जावो न जावो, प्रोजेक्टमध्ये हमखास भेटते.

दुसरं म्हणजे मोजणी शून्यापासून सुरू होते. दरवाजा क्रमांक १ हा यादीत ० व्या जागी, आणि ४१ वा हा ४० व्या जागी. ४१ व्या जागी काय आहे असं विचारलं तर ‘अनडिफाइंड’ मिळतं. लूपमधली अट ‘४१ पेक्षा लहान’ अशी हवी. ‘लहान किंवा समान’ लिहिलं की शेवटच्या फेरीत प्रोग्रॅम कोसळतो. बेरजेत अशी फेरी गेली तर ‘नॅन’ (म्हणजे ‘आकडा नव्हे’) येतं आणि विसर्गाच्या जागी तो तीन अक्षरी शब्द दिसतो.

क्लिक कुठे बांधायची

‘ॲड-इव्हेंट-लिसनर’ला दोन गोष्टी सांगतात: कोणत्या घटनेची वाट पाहायची आणि घडल्यावर कोणतं फंक्शन चालवायचं. फंक्शनचं नाव नुसतं द्यायचं असतं. नावापुढे कंस टाकले की फंक्शन लगेच, पान उघडतानाच चालतं, आणि क्लिक केल्यावर काहीच होत नाही. एखाद्याचा फोन नंबर लिहून देणं आणि त्याला आत्ताच फोन लावणं यांत जेवढा फरक, तेवढाच इथे आहे.

४१ दरवाज्यांना ४१ लिसनर लावता येतात. पण लूपमध्ये जुन्या ‘व्हार’ने क्रमांक घेतला असेल तर कोणताही दरवाजा दाबा, त्याच्या हाती ४१ हाच आकडा येतो. व्हारचा डबा सगळ्या फेऱ्यांत एकच असतो आणि लूप संपताना त्यात ४१ उरलेले असतात. क्लिक होते ती लूप संपल्यावर. ‘लेट’ वापरलं तर प्रत्येक फेरीला नवा डबा मिळतो. म्हणून व्हार आता विसरलेलं बरं.

त्याहून सुटसुटीत मार्ग म्हणजे सगळ्या दरवाज्यांना वेढणाऱ्या डब्याला एकच लिसनर लावणं. आतल्या कोणत्याही बटणावरची क्लिक वर चढत त्या डब्यापर्यंत येते. ‘इव्हेंट-टार्गेट’ सांगतं की बोट नेमकं कशावर पडलं. मात्र बटणाच्या आत क्रमांकाचा वेगळा स्पॅन (मजकुराचा तुकडा वेढणारा टॅग) असेल तर टार्गेट तो स्पॅन निघतो. अशा वेळी ‘क्लोजेस्ट’ आज्ञेने जवळचं बटण शोधायचं, आणि काहीच सापडलं नाही, म्हणजे दोन दरवाज्यांमधल्या फटीवर बोट पडलं, तर तिथूनच परत फिरायचं.

कोणता दरवाजा हे ओळखायला बटणावर ‘डेटा’ने सुरू होणारा गुणधर्म ठेवतात. त्यातून मिळणारी किंमत नेहमी मजकूर असते, आकडा नव्हे. त्यामुळे चौथ्या दरवाज्याची जागा ३, तिच्यात १ मिळवून क्रमांक दाखवायला गेलात तर ४ ऐवजी ३१ दिसतो: मजकुराला मजकूर चिकटला. ‘नंबर’ने आधी आकडा करून घ्यायचा. इनपुटच्या चौकोनातून येणाऱ्या किमतीचंही तेच.

एक दोष असा आहे की त्यापायी अख्खी संध्याकाळ जाते. लिसनर लावण्याची ओळ, तिथेच लिहिलेल्या बिननावी फंक्शनसकट, चुकून रेंडर फंक्शनच्या आत राहते. पहिली क्लिक झाली, दरवाजा उघडला, रेंडर पुन्हा चाललं आणि दुसरा लिसनर लागला. दुसऱ्या क्लिकला दोन्ही चालतात: एक दरवाजा बंद करतो, दुसरा लगेच उघडतो. डोळ्यांना काहीच हललेलं दिसत नाही. तिसऱ्या क्लिकला चार लिसनर असतात, म्हणजे पुन्हा सम संख्या. एकदा उघडलेला दरवाजा पुढे कधीच हलत नाही, आणि कन्सोलमध्ये लाल अक्षर एकही नाही. रेंडरमध्ये फक्त रंगवायचं. बांधणी बाहेर, एकदाच.

आणि बटण म्हणजे ‘बटण’ हाच टॅग वापरा. डिव्हला (साध्या चौकोनाच्या टॅगला) क्लिक लावून काम भागतं, पण मग कीबोर्डवरच्या टॅब आणि एंटरने दरवाजा उघडत नाही, आणि दृष्टिहीन व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला तिथे दाबण्यासारखं काही आहे हे कळत नाही.

लाल अक्षरांना घाबरू नका

ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबलं की डेव्हलपरची साधनं उघडतात. त्यातला ‘कन्सोल’ हा तुमचा खरा शिक्षक. चुकीबद्दलचा संदेश इंग्रजीत असला तरी त्यात दोन गोष्टी स्पष्ट असतात: काय चुकलं आणि कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीत. अनेक संदेश असतील तर पहिला वाचा. पुढचे बहुतेक त्याच्यामुळेच आलेले असतात.

सुरुवातीला सर्वांत जास्त दिसणारा संदेश म्हणजे ‘नल’चे गुणधर्म वाचता येत नाहीत. याचा अर्थ, तुम्ही जे बटण शोधलं ते सापडलं नाही. कारणं दोनच. एक, नावात चूक, जसं आयडीसमोरचं हॅशचं चिन्ह राहिलं किंवा लहान-मोठं अक्षर बदललं. दोन, स्क्रिप्ट बटणाच्या आधी चाललं. ब्राउझर पान वरून खाली वाचतो. स्क्रिप्टचा टॅग हेडमध्ये असेल तर तो चालतो तेव्हा खालचे दरवाजे अजून जन्मलेलेच नसतात. त्या टॅगवर ‘डिफर’ हा एक शब्द लिहिला की पूर्ण पान वाचून झाल्यावरच फाइल चालते. डिफर वेगळ्या फाइलवर लागू होतो, पानातच लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टवर नाही, हे लक्षात ठेवा.

संदेश नाही पण वागणं चुकीचं, अशा वेळी ‘कन्सोल-लॉग’ तीन ठिकाणी टाका: क्लिक आल्यावर, नोंद बदलल्यावर, रेंडरच्या सुरुवातीला. तीन टप्प्यांपैकी कुठे साखळी तुटली ते दोन मिनिटांत कळतं. आणि अटीमध्ये एकच बरोबरीचं चिन्ह टाकलंय का ते पाहा. एक चिन्ह म्हणजे किंमत ठेवणं, तीन चिन्हं म्हणजे तुलना. एकाच चिन्हाने ‘उघडा आहे का’ असं विचारलं तर प्रोग्रॅम दरवाजा उघडूनच टाकतो.

कोड आयता मिळणं आता सोपं झालं आहे. तो वापरायला हरकत नाही, पण एक कसोटी लावा: त्यातला एक आकडा बदलण्याआधी पडद्यावर काय फरक पडेल ते वहीत लिहा, मग बदला. अंदाज तीनदा बरोबर आला तर तो कोड तुमचा झाला. पेपरात हाताने प्रोग्रॅम लिहितानाही हीच सवय कामी येते.

पाणी हलतं कसं

इथून विषय खऱ्या अर्थाने मल्टिमीडियाचा होतो, आणि इथेच थोडं गणित लागतं.

दरवाजा १२० पिक्सेल वर उचलायचा आहे. प्रत्येक फ्रेमला (पडदा एकदा नव्याने रंगला की एक फ्रेम) २ पिक्सेल असं लिहिलं. लॅबमधल्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका सेकंदात ६० फ्रेम, म्हणजे दरवाजा बरोबर एका सेकंदात उचलला गेला. तेच पान १२० हर्ट्झच्या फोनवर उघडलं की दरवाजा अर्ध्या सेकंदात वर. सादरीकरणाच्या दिवशी दुसऱ्याच्या फोनवर सगळं दुप्पट वेगाने पळतं ते यामुळे.

उपाय असा: वेग फ्रेमवर नाही, सेकंदावर मोजायचा. ‘रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम’ तुमच्या फंक्शनला दर फ्रेमला सध्याची वेळ मिलिसेकंदांत देतं. मागच्या फ्रेमची वेळ वजा करा, १००० ने भागा, मिळालेल्या सेकंदांना १२० ने गुणा. तेवढे पिक्सेल सरका. ६० हर्ट्झवर हा फरक सुमारे १६.७ मिलिसेकंद येईल, १२० वर त्याच्या निम्मा, आणि दरवाजा दोन्हीकडे एकाच सेकंदात उचलला जाईल. यात एक अडचण आहे. टॅब बदलून दहा सेकंदांनी परत आलात तर मधल्या काळात फ्रेम थांबलेल्या असतात आणि पहिलाच फरक दहा सेकंदांचा निघतो; दरवाजा १२०० पिक्सेल उडून पडद्याबाहेर जातो. म्हणून फरकाला कमाल मर्यादा घाला, ०.०५ सेकंद पुरते.

‘सेट-इंटरव्हल’नेही हालचाल करता येते, पण ते पडद्याच्या तालाशी जुळत नाही आणि धक्के जाणवतात. शिवाय सुरू करण्याचं बटण दोनदा दाबलं की दोन घड्याळं चालू होतात आणि वेग दुप्पट. वापरायचंच असेल तर घड्याळाचा क्रमांक जपून ठेवा आणि नवं सुरू करण्याआधी जुनं थांबवा.

एकसारख्या वेगाने उचललेला दरवाजा निर्जीव वाटतो. जड वस्तू हळूच सुटते, हळूच थांबते. निदान हळूच थांबवण्याची सर्वांत सोपी युक्ती: दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा दहावा भाग कापायचा. सुरुवातीला मोठी उडी, मग लहान लहान. २२ फ्रेमनंतर सुमारे ९० टक्के अंतर कापलेलं असतं. ही युक्तीसुद्धा फ्रेमवर अवलंबून आहे, म्हणून अभ्यासासाठी उत्तम, पण पक्क्या कामात सीएसएसचं (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचं) ‘ट्रान्झिशन’ आणि ‘ईज-आउट’ बरं. सीएसएसने हलवताना ‘टॉप’ बदलू नका, ‘ट्रान्सफॉर्म’मधलं सरकवणं वापरा. टॉप बदललं की ब्राउझरला पानाची मांडणी पुन्हा मोजावी लागते, मग रंगवावं लागतं. ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटी हे दोन गुणधर्म बहुतेक वेळा मांडणी व रंगकाम न करता, आधीच रंगवलेला थर सरकवून भागवता येतात. स्वस्त फोनवर ४१ दरवाजे एकदम हलवले की फरक डोळ्यांना दिसतो.

आता लाटा. पाण्याचा पृष्ठभाग कॅनव्हासवर (पानातल्या चित्र काढायच्या पाटीवर) काढायचा तर प्रत्येक आडव्या बिंदूसाठी उंची काढावी लागते, आणि ती देतं ‘मॅथ-साइन’. आडव्या अंतराला ०.०५ ने गुणा, त्यात सरकता वेळ मिळवा, साइन घ्या, आलेल्या किमतीला ६ ने गुणा. ६ म्हणजे लाट मधल्या रेषेच्या वर आणि खाली ६ पिक्सेल जाणार. ०.०५ मुळे एका लाटेची लांबी सुमारे १२६ पिक्सेल येते, कारण दोन गुणिले पाय (π) भागिले ०.०५. हा आकडा वाढवला की लाटा दाट होतात. दोन वेगवेगळ्या लांबीच्या लाटा मिळवल्या की पाणी अधिक खरं दिसतं.

हे साइन म्हणजे आपलीच ‘ज्या’. संस्कृतातल्या ज्या-जीवा या शब्दाचं अरबीत रूपांतर झालं, अरबीतून लॅटिनमध्ये भाषांतर होताना त्याचं ‘सायनस’ झालं आणि तिथून साइन आलं. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीत भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. खानदेशातल्या विद्यार्थ्याने कॅनव्हासवर लाट काढताना हे माहीत असावं, कारण त्रिकोणमिती ही परकी किंवा फक्त पेपरापुरती गोष्ट आहे असं वाटणं त्याने कमी होतं.

लाट काढताना तीन चुका ठरलेल्या. मॅथ-साइनला अंश चालत नाहीत, रेडियन लागतात. ९० टाकून १ ची अपेक्षा केली तर ०.८९ मिळतं. अंशाला पायने गुणून १८० ने भागा. कॅनव्हासवर उभं माप खाली वाढत जातं, त्यामुळे पाण्याची पातळी ‘वाढवली’ की ती खाली जाते. आणि प्रत्येक फ्रेमच्या आधी ‘क्लिअर-रेक्ट’ने पाटी पुसली नाही तर जुन्या लाटांवर नव्या चढून नुसता निळा ढीग होतो. चित्र फोनवर धूसर दिसत असेल तर ‘डिव्हाइस-पिक्सेल-रेशो’ पाहा. तो २ असेल तर कॅनव्हासची आतली रुंदी-उंची दुप्पट ठेवायची, सीएसएसमधली आहे तीच, आणि काढताना स्केल २ करायचं.

पी-फाइव्ह नावाची मोफत लायब्ररी यातला बराच भार उचलते: ‘सेटअप’ एकदा चालतं, ‘ड्रॉ’ दर फ्रेमला. कलाशाखेतून आलेल्यांना सुरुवात तिच्यापासून करता येईल. लायब्ररीची फाइल डाउनलोड करून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा; इंटरनेटवरच्या दुव्यावर भिस्त ठेवली आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी लॅबचं नेट गेलं तर सगळं पान पांढरं.

आवाज आणि छायाचित्रं

पान उघडताच पाण्याचा आवाज सुरू व्हावा असं वाटतं. तो होत नाही. वापरणाऱ्याने पानाला स्पर्श करेपर्यंत ब्राउझर आवाज अडवून ठेवतो. क्रोमने हा नियम २०१८ पासून लावला. म्हणून आवाज सुरू करण्याची आज्ञा पहिल्या दरवाज्याच्या क्लिकमध्येच द्या. ‘ऑडिओ-कॉन्टेक्स्ट’ वापरत असाल तर त्याच क्लिकमध्ये ‘रिझ्यूम’ करा. व्हिडिओ मात्र ‘म्यूटेड’ असेल तर आपोआप चालतो, आयफोनवर त्यासोबत ‘प्लेज-इनलाइन’ही लिहावं लागतं. भराभर तीन दरवाजे दाबले आणि खडखडाट एकदाच ऐकू आला, तर कारण असं की एक ऑडिओ टॅग एका वेळी एकच आवाज वाजवतो. वाजवण्याआधी त्याची वेळ शून्यावर आणा, म्हणजे निदान प्रत्येक क्लिकला नवी सुरुवात होते.

धरणाचं छायाचित्र फोनने काढलं की ते ४००० गुणिले ३००० पिक्सेलचं असतं. फाइल ४-५ एमबीचीच दिसेल, पण पडद्यावर उलगडताना प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात: ४८० लाख बाइट, म्हणजे ४८ एमबी. अशी दहा छायाचित्रं टाकली की साधा फोन अडखळतो. १२८० गुणिले ९६० करून ठेवलं तर तेच काम ५ एमबीच्या आत होतं.

मराठी मजकुराच्या खास अडचणी

पुस्तकं इंग्रजीतून आलेली असल्याने हा भाग त्यांत सहसा नसतो, आणि आपल्याकडे तर पानं मराठीतच करायची असतात.

पानाच्या हेडमध्ये कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ लिहिला नाही तर मराठीच्या जागी विचित्र चिन्हं येऊ शकतात. छापखान्यातून किंवा जुन्या कार्यालयीन फाइलमधून आलेला मजकूर बहुतेकदा श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये असतो. तो युनिकोड नसतो; आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मगच पानात टाका. रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

एकेक अक्षर टाइप होतंय असा परिणाम मराठीत बिघडतो. ‘खानदेश’ आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, पण जावास्क्रिप्ट त्याची लांबी ६ सांगतं, कारण काना आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. तुकडे करताना मात्रा सुटी पडली तर तिच्यासोबत ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. ‘इंटल-सेगमेंटर’ वापरून अक्षरं वेगळी करा. जुन्या ब्राउझरमध्ये ‘क्ष’सारखं जोडाक्षर त्यानेही मधोमध तुटू शकतं, म्हणून मजकूर शब्दाशब्दाने आणणं जास्त सुरक्षित. अक्षरांमधलं अंतर वाढवणारा सीएसएस गुणधर्म मराठीला लावू नका, शिरोरेषा तुटते.

आकड्यांचं तर वेगळंच. मराठी कीबोर्डवरून कोणी ‘४१’ टाकलं तर नंबर फंक्शनला तो आकडा वाटत नाही, ते ‘नॅन’ देतं. आपले दहा अंक आधी इंग्रजी अंकांत बदलणारी दोन ओळींची सोय करावी लागते. उलट दाखवताना ‘टू-लोकेल-स्ट्रिंग’ला मराठी-भारत असा संकेत दिला की विसर्गाचा आकडा देवनागरी अंकांत आणि लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसह येतो. सरावासाठी एका दरवाज्याचे ५,००० क्युसेक धरले, तर २१ दरवाज्यांचे १,०५,००० असे दिसतील.

चलाची (व्हेरिएबलची) नावं मात्र देवनागरीत चालतात. ‘विसर्ग’ किंवा ‘दरवाजे’ नावाचं चल भाषेला मान्य आहे. तर्क शिकत असताना एक-दोन प्रोग्रॅम असे करून पाहावेत, अर्थ लवकर बसतो. गटात काम करताना इंग्रजी अक्षरं ठेवा. दर ओळीला कीबोर्ड बदलत बसणं परवडत नाही.

फोनवर, उन्हात

तुमचं पान बघणारा बहुधा लॅबमध्ये नसेल. तो शिरपूरच्या बसस्थानकावर किंवा रावेरकडे केळीच्या बागेत, भर उन्हात फोन धरून उभा असेल. फिकट निळ्यावर पांढरा मजकूर त्याला दिसणार नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ हवा. डेव्हलपर साधनांत रंग निवडताना हा आकडा तिथेच दिसतो. उघडा-बंद हा फरक नुसत्या रंगाने दाखवू नका, दरवाज्याची उंचीही बदला, म्हणजे रंग नीट न ओळखणाऱ्यालाही कळतं. फोनवर माउस तरंगत नाही, त्यामुळे ‘होव्हर’वर दडवलेली माहिती तिथे हाती लागत नाही.

बोटासाठी जागा सुमारे ४८ पिक्सेल असावी. ४१ दरवाजे गुणिले ४८ म्हणजे १९६८ पिक्सेल. ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर एका ओळीत ते मावणार नाहीत. आडवी सरकपट्टी द्या किंवा सात-सातच्या ओळी करा: सहा ओळी, शेवटच्या ओळीत सहा. ‘व्ह्यूपोर्ट’चा मेटा टॅग राहिला असेल तर हा सगळा हिशोब वाया जातो, फोन पानाला संगणकाच्या रुंदीचं समजून बारीक करतो.

पान डबल-क्लिक करून उघडलंत तर ‘फेच’ने माहितीची फाइल वाचणं आणि मॉड्यूल्स (वेगवेगळ्या फाइलींत विभागलेला कोड) दोन्ही अडतात, कारण फाइलच्या पत्त्यावरून ब्राउझर ते करू देत नाही. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या साधनातलं लाइव्ह सर्व्हर हे एक्स्टेंशन घ्या. संगणक आणि फोन एकाच वायफायवर असतील तर संगणकाचा आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांक, बहुधा ५५००, फोनच्या ब्राउझरमध्ये टाकून तेच पान उघडता येतं. उघडलं नाही तर आधी विंडोजचं फायरवॉल पाहा.

शेवटी पान इंटरनेटवर चढवता, गिटहब पेजेससारख्या मोफत जागेवर, आणि घरी चालणारं छायाचित्र तिथे गायब होतं. फाइलचं नाव ‘धरण’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मोठ्या अक्षराने आहे, कोडमध्ये लहान. विंडोज ते चालवून घेतं, तिथला सर्व्हर नाही. सगळ्या फाइलनावांत पहिल्या दिवसापासून लहान इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच ठेवा. चढवल्यावर पत्ता स्वतःच्या फोनवर, मोबाइल डेटावर उघडा, पहिला दरवाजा दाबा, मग एकेचाळिसावा, मग पुन्हा पहिला.